इंजिन बदलले आणि गाडी पुढून बसली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवल्यानंतर पुढच्या कॉइल स्प्रिंगांचे काय करावे, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : वडिलांच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे मूळ १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन निकामी झाल्यामुळे आम्ही तिच्यात दीड लिटरचे डिझेल इंजिन बसवले. तेव्हापासून गाडी पुढून बोटभर बसली आहे आणि ब्रेक लावला की आणखी वाकते. एक मिस्त्री स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबर घाला म्हणतात, तर दुसरे एक मिलिमीटर जाड तारेच्या स्प्रिंगा बनवून घ्या म्हणतात. कोणाचे ऐकावे? (सांगली)

दोघांचेही ऐकू नये, कारण दोघांनीही गाडीचे वजन केलेले नाही. जुने इंजिन अजून भंगारात गेले नसेल, तर ते आणि त्याचा गिअरबॉक्स भंगारवाल्याच्याच काट्यावर तोलून घ्या. नव्या इंजिनाचे वजन मांडताना फ्लायव्हील, मोठा रेडिएटर, त्यातले पाणी, ऑइल आणि डिझेलला लागणारी जड बॅटरी हे सगळे धरा. माणसे इंजिनाचा आकडा तोंडपाठ सांगतात आणि बॅटरी विसरतात.

समजा, फरक ६० किलोंचा निघाला. हा सगळा भार पुढच्या चाकांवर येत नाही. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २३४० मिलिमीटर आहे आणि वाढलेल्या वजनाचा मध्य पुढच्या आसापासून ३०० मिलिमीटर मागे असेल, तर त्यातले सुमारे ५२ किलो पुढच्या आसावर येतात, म्हणजे एका चाकावर २६. स्प्रिंग मात्र चाकावर बसवलेली नसून चाक आणि चॅसिस यांना जोडणाऱ्या आर्मवर, दोहोंच्या मध्ये बसलेली असते. ती बरोबर निम्म्यावर असेल, तर २६ किलोंचा भार तिच्यापर्यंत ५२ किलो होऊन पोहोचतो, आणि ती ११ मिलिमीटर दबली की चाकाजवळ गाडी २२ मिलिमीटर बसते. तुमचे ‘बोटभर’ बहुधा असेच आले असावे. आर्मच्या आतल्या बुशपासून (चॅसिसकडच्या रबरी सांध्यापासून) स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचे आणि बाहेरच्या सांध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून आपल्या गाडीचे खरे प्रमाण काढा, कारण ‘निम्मे’ हा मी सोयीसाठी घेतलेला आकडा आहे.

आता जाड तारेविषयी. स्प्रिंगचा ताठपणा, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा भार, तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार घातली आणि बाकी सगळे तेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के ताठ होते. आपल्या उदाहरणात पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक आणि हब वगळून, आधी २०० किलो असतील तर आता २२६ झाले, म्हणजे वाढ १३ टक्क्यांची. १३ टक्क्यांच्या दुखण्यावर ३८ टक्क्यांचे औषध घेतले, तर गाडी सरळ दिसेल, पण खडबडीत रस्त्यावर तिच्यात बसवणार नाही. १३ टक्क्यांसाठी १२ मिलिमीटरची तार फक्त १२.४ मिलिमीटर करावी लागते. किंवा तार तीच ठेवून काम करणारे वेढे सातऐवजी ६.२ ठेवले, तरी तेच साधते.

भार आणि ताठपणा एकाच प्रमाणात वाढवले, तर स्प्रिंग जितकी आधी दबत होती तितकीच आताही दबते. त्यामुळे नव्या स्प्रिंगची मोकळी उंची, म्हणजे भार नसतानाची उंची, मूळ स्प्रिंगइतकीच ठेवायची असते. स्प्रिंग बनवणाऱ्याला मूळ मोकळी उंची, आतला व्यास, दोन्ही टोकांचा आकार आणि हवा असलेला ताठपणा, एवढे चार तपशील लिहून द्या. ‘जरा कडक बनवा’ असे तोंडी सांगू नका. मात्र तुमची जुनी स्प्रिंग चाळीस वर्षांत बसलेली असू शकते, म्हणून मोकळी उंची मोजताना शक्य तर कमी वापरलेल्या दुसऱ्या स्प्रिंगशी ताडून पाहा. बसलेली स्प्रिंग मऊ झाली असे आपण म्हणतो खरे, पण तार गंजून झिजलेली नसेल तर तिचा ताठपणा तोच असतो. कमी होते ती उंची.

वेढ्यांत रबर घातल्याने त्या जागचे वेढे काम करायचे थांबतात, उरलेल्यांवर ताण वाढतो आणि रबराखाली पाणी व धूळ साचून तार गंजते. त्यापेक्षा स्प्रिंगच्या बैठकीखाली ११ मिलिमीटरची चकती बरी. तिने उंची परत येते, पण ताठपणा वाढत नाही, त्यामुळे ब्रेक लावल्यावर वाकणे कायम राहते. फरक १५–२० किलोंचाच निघाला, तर मी स्वतः चकतीवर भागवेन. शॉकअप मात्र दोन्ही नवे घ्या.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी आहे आणि तिच्यात रोव्हरचे ३.५ लिटरचे व्ही-८ बसवण्याचे काम चालू आहे. आठ सिलिंडर म्हणजे पुढे जड स्प्रिंगा लागणारच, असे मित्र म्हणतात. (लेस्टर, इंग्लंड)

सिलिंडर मोजून वजन कळत नाही. रोव्हरचे व्ही-८ ॲल्युमिनियमचे आहे आणि एमजीबीच्या १७९८ सीसीच्या ओतीव लोखंडी चार सिलिंडरी इंजिनापेक्षा ते काहीसे हलकेच भरते. उलट उदाहरण त्याच घराण्यातले आहे. १९६७ ते १९६९ दरम्यानच्या एमजीसीमध्ये २९१२ सीसीचे सहा सिलिंडरी लोखंडी इंजिन घातले गेले. ते इतके जड व उंच होते की पुढची कॉइल स्प्रिंगांची मांडणीच काढून तिथे टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळया, द्यावे लागले. तुम्ही आधी मूळ स्प्रिंगांवर गाडी चालवून पाहा. नव्या घेतल्याच, तर विक्रेत्याला सालही सांगा, कारण १९७४ नंतरच्या रबरी बंपरच्या गाड्या मुद्दाम उंच केलेल्या होत्या.

प्रश्न : माझ्या कॉन्टेसाचे मूळ इंजिन काढून हलके ॲल्युमिनियमचे पेट्रोल इंजिन बसवले आहे. आता गाडी पुढून वर उचललेली दिसते. गॅसने स्प्रिंग तापवून ‘बसवून’ देतो, पाच मिनिटांचे काम आहे, असे गॅरेजवाले सांगतात. (पुणे)

पाच मिनिटांचे काम आहे हे खरे आहे. माझ्या पहिल्या गाडीची स्प्रिंग एका कार्यशाळेत अशीच बसवून घेतली होती. महिन्याभराने कशेडी घाटात एका वळणावर बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि डावे चाक मडगार्डला घासू लागले. तार तापवलेल्या जागेपासून दीड वेढ्यावर तुटली होती. स्प्रिंगच्या पोलादाला त्याचे गुण कारखान्यात नेमक्या तापमानाला दिलेले असतात आणि गॅसच्या ज्योतीपुढे ते टिकत नाहीत.

वेढा कापणे हा त्यापेक्षा कमी वाईट मार्ग आहे, तोही पातळ चकतीच्या ग्राइंडरने आणि एका वेळी पाव वेढा. परंतु तुमच्या बाबतीत तोही उलट्या दिशेने जातो. सातातला अर्धा वेढा गेला की स्प्रिंग सुमारे आठ टक्के ताठ होते, आणि तुमचे इंजिन हलके झाल्याने तुम्हाला तर आधीपेक्षा मऊ स्प्रिंग हवी आहे. सांगलीच्या वाचकांना दिलेला हिशेब इथे उलटा लावा : मोकळी उंची तीच आणि ताठपणा कमी झालेल्या भाराच्या प्रमाणात कमी.

प्रश्न : ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन बसवले आहे. तिच्यासाठी पुढच्या कॉइल स्प्रिंगा कुठे मिळतील? (कोल्हापूर)

कुठेही मिळणार नाहीत, कारण तिला त्या नाहीतच. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार असतात, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या लांब सळया. उंची बिघडली असेल, तर त्या सळयांची बसण्याची जागा दातांवर पुढेमागे करून ती जुळवता येते. ज्यांनी तुम्हाला स्प्रिंग बदलायला सांगितले, त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलेले दिसत नाही.

प्रश्न : पद्मिनीच्या स्प्रिंगा घरीच बदलण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (नाशिक)

पहिली काळजी स्वतःच्या जिवाची. गाडीखालची स्प्रिंग १०० मिलिमीटर दबलेली असेल आणि तिचा ताठपणा दर मिलिमीटरला सुमारे ५ किलो असेल, तर तिच्यात जवळजवळ २५० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. २५ किलोंचे पोते एक मीटरवरून डोक्यावर पडावे, तेवढी ही ऊर्जा आहे. म्हणून गाडी चॅसिसखाली दोन भक्कम स्टँडवर ठेवा, खालच्या आर्मखाली ट्रॉली जॅक लावा आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून चॅसिसला बांधा. त्यानंतरच सांधा सोडवून जॅक इंचाइंचाने खाली घ्या. स्प्रिंग ज्या बाजूला उडू शकते, त्या बाजूला आपण किंवा मदतनीस उभे राहू नये. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे साधन) भाड्याने मिळत असेल, तर त्याचे आटे आधी पाहून घ्या. स्प्रिंगा नेहमी जोडीनेच बदलाव्यात.

जोडताना बहुतेक जण एक चूक करतात. आर्मच्या रबरी बुशांचे नट चाके लटकलेली असतानाच पूर्ण आवळले, तर गाडी खाली टेकताच ते रबर पिळलेल्या स्थितीत राहते, उंची खोटी दिसते आणि बुश काही महिन्यांत फाटतात. नट हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा आणि मगच टॉर्क पान्याने आवळा. जॅकवरून उतरलेली गाडी थोडा वेळ उंचच राहते, कारण चाके आत ओढलेली असतात. ती तीन-चार मीटर पुढे-मागे ढकला, बंपर दोनदा दाबा आणि मग सपाट फरशीवर, हवा नेमकी भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजले, तर टायरचा फरक त्यात मिसळतो. ३००–५०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा मोजा, आणि व्हील अलाइनमेंट व हेडलाइटचा रोख त्यानंतरच जुळवून घ्या.

प्रश्न : माझी फियाट १९७३ साली नोंदलेली आहे. इंजिन बदलले, तर तिला व्हिंटेज नोंदणी मिळेल का? (ठाणे)

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडीच व्हिंटेज ठरते. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. दुसऱ्या जातीचे इंजिन बसवलेली फियाट त्या व्याख्येत बसत नाही. साध्या नोंदणीवर गाडी चालवायची असेल, तरी आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन क्रमांक आर.सी. बुकात चढवून घ्यावा लागतो. मूळ १०८९ सीसीचे इंजिन दुरुस्त होण्याजोगे असेल, तर तुमच्या गाडीत मी तेच ठेवले असते आणि स्प्रिंगांना हातही लावला नसता.