डॉक्टर म्हणाले 'ताण आहे', म्हणजे मी ढोंग करते का?

"दातांच्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं, म्हणजे माझं दुखणं खोटं आहे, असंच ना?" माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिने विचारलं. वय बत्तीस, काम हिशेबांचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार महिने तोंड उघडताना उजव्या कानाजवळ 'कट्' वाजत होतं आणि सकाळी कानशिलं ठणकत होती. कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी झिजलेले दात दाखवले, रात्री घालायची पट्टी दिली आणि म्हणाले, "तुम्ही दात आवळता, ताण आहे." तिला मात्र ऐकू आलं, 'तुम्हाला काही झालेलं नाही.'

अशी तक्रार घेऊन येणारी ती पहिली नव्हती. त्यामुळे जबड्याच्या सांध्यापुरती शिकवणी मी एका डॉक्टर मैत्रिणीकडून केव्हाच घेतली आहे.

"कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा," मी म्हटलं. बोटाखाली काहीतरी आधी फिरलं, मग पुढे सरकलं. ते खालच्या जबड्याचं गोलसर टोक. कानशिलाच्या हाडात त्याच्यासाठी खोबण असते आणि दोन्ही हाडांच्या मध्ये एक चिवट चकती. तिच्यामुळे सांध्याचे दोन कप्पे होतात. खालच्या कप्प्यात टोक बिजागरीसारखं फिरतं, वरच्या कप्प्यात ते चकतीला घेऊन पुढे घसरतं. चकती जागेवरून जराशी पुढे गेलेली असली, की तोंड उघडताना टोक तिच्यावर चढतं आणि 'कट्' होतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर सहसा उपचारही लागत नाहीत. तोंड अचानक उघडेनासं झालं किंवा सूज, ताप आला, तर मात्र थेट डॉक्टर.

"पण निखळला तर?"

आवाज येतो म्हणून जबडा निखळत नाही. सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं, बाहेरच्या अंगाने मजबूत अस्थिबंध. तिची तीन बोटं उभी धरून तोंडात आरामात मावत होती.

मग तिला गालांवर तळवे ठेवून दात आवळायला सांगितले. तळव्यांखाली दोन टणक गोळे उठले. बोटं कानशिलावर नेली, तिथेही तेच. "हे स्नायू रात्रभर जुंपलेले असतात. ठणकणार नाहीत तर काय?" कानाची नळी तर सांध्याच्या अगदी मागे, म्हणून कळ कानात जाते. ताण मनात असला तरी दुखतो तो स्नायू, आणि तो खराच दुखतो. आपली भाषा उगाच 'दातओठ खाणे' म्हणत नाही.

ती बराच वेळ गाल चाचपत राहिली.

माझं खरं काम इथून पुढे होतं. दिवसातून किती वेळा आरशात तोंड उघडून बघता, असं विचारलं. "वीसेक वेळा. आवाज गेला का ते बघते." म्हणजे थकलेल्या सांध्याला दिवसभर कवायत! ते बंद करायचं ठरलं. त्याऐवजी फोनवर तासातासाला गजर लावायचा आणि पाहायचं: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकेच टेकलेली.

"दात सुटे? ते टेकलेलेच असतात ना?"

नसतात. जबडा स्वस्थ असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट असते. या एका गोष्टीने ती जितकी चकित झाली, तितकी चकतीने झाली नव्हती.

दात आवळलेले सापडले की वेळ आणि प्रसंग वहीत टिपायचा, एवढाच गृहपाठ दिला. माझा अंदाज होता, महिनाअखेरीच्या हिशेबांचा. तिसऱ्या भेटीत वही उघडली, तर मी साफ चुकले होते. हिशेबाच्या दिवशी दोन नोंदी. बाकी पानभर एकच: 'दादाचा फोन.'

"तो पैसे मागतो," ती म्हणाली. "नाही म्हणायचं असतं, पण तोंड उघडत नाही."

'कट्' अजून वाजत होतं. त्या दिवशी जबड्याचा विषय पुन्हा निघालाच नाही.