पेंग्विन पाण्यात एवढा चपळ आणि जमिनीवर एवढा बेंगरूळ कसा?

तुमचा प्रश्न असा की, ज्याला उडता येत नाही, धड चालताही येत नाही, तो पक्षी पाण्यात पडताच एवढा सुसाट कसा सुटतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ पासून हम्बोल्ट पेंग्विन बघायला मिळतात. तिथे काचेसमोर उभं राहून आधी त्यांच्या पायांकडे बघा. बदक पायांनी पाणी मारतं. पेंग्विनचे पाय मात्र मागे शेपटीला लागून निवांत असतात, वळायचं असेल तेवढेच कामाला येतात. बाकी सगळी मेहनत पंखांची.

या पंखातली हाडं चपटी, कोपर आणि मनगट जवळजवळ ताठ. इतर पक्ष्यांसारखा तो घडी घालून मिटता येत नाही, खांद्यातून अख्खाच्या अख्खा हलतो. हवेत उडणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचा जोर पंख खाली मारताना लागतो, कारण स्वतःचं वजन तोलून धरायचं असतं. पाण्यात ते वजन पाणीच पेलतं. त्यामुळे पेंग्विन पंख खाली नेतानाही पुढे सरकतो आणि वर उचलतानाही! पंख वर खेचणारा त्याचा छातीतला स्नायू म्हणूनच चांगला दणकट असतो.

हाडंही भरीव, म्हणजे बुडी मारायला सोयीची. एम्परर पेंग्विन तर ५०० मीटरहून खोल जातो. वर येताना तो पिसांत अडकलेली हवा सोडतो. तिच्या बारीक बुडबुड्यांनी पाण्याचा विरोध कमी होतो आणि त्या वेगात तो थेट बर्फावर उडी घेतो. (उतरतो मात्र पोटावर, दाणकन.)

जमिनीवरच्या फजितीचं कारण पायांची जागा. ते अगदी मागच्या टोकाला असल्यामुळे ताठ उभं राहण्यावाचून इलाज नाही. शिवाय मांडी आणि गुडघा आत पिसांआड दडलेले, म्हणून पाय असतात त्याहूनही आखूड वाटतात. डुलण्यात शक्ती वाया जाते असं वाटतं ना? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलटंच निघालं: डुलल्याने शक्ती वाचते, जास्तीचा खर्च होतो तो आखूड पायांमुळे.

आणि हो, वर्षातून एकदा त्याची सगळी पिसं एकदमच बदलतात. तोवर अंग पाण्यात कोरडं राहत नाही, म्हणून समुद्रकाठचे पेंग्विन तेवढे दिवस उपाशीच काढतात. बागेत एखादा विस्कटलेल्या पिसांनी कोपऱ्यात उभा दिसला, तर तो आजारीच असेल असं नाही.