स्टुडिओ मॉनिटर (मिक्सिंगसाठीचे स्पीकर) कसे ठेवावेत म्हणजे बेस खरा ऐकू येईल?

खोलीत बेस कमी वाटतो म्हणून तुम्ही तो वाढवता आणि बाहेर ऐकताना मिक्स (जुळवून तयार केलेलं गाणं) घुमतं, तर आधी खुर्ची हलवा. खोलीच्या बरोब्बर मध्यावर खालच्या काही फ्रिक्वेन्सी जवळपास नाहीशा होतात. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून बघा. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला, बाजूच्या भिंती सारख्या अंतरावर. स्पीकरचा दर्शनी भाग त्याच्यामागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तिथला बेस खूप कमी ऐकू येतो; म्हणून लहान खोलीत स्पीकर भिंतीजवळच ठेवून मागच्या स्विचने बेस थोडा उतरवणं मला जास्त पटतं. कोपरा मात्र नको. आणि भिंतीवर लावायच्या पातळ फोमने बेस सुधारत नाही, विकणारा काहीही म्हणो.