फाइल काल गेली, टायपिंग आत्ता चालू आहे

प्रश्न : ‘काल फाइल सेव्ह केली असती, तर आत्ता पुन्हा टाइप करत बसले नसते’ याचं इंग्रजी मी ‘इफ आय हॅड सेव्ह्ड द फाइल यस्टर्डे, आय वुड नॉट हॅव बीन टायपिंग इट अगेन नाऊ’ असं केलं. सरावाच्या पुस्तकात उत्तर ‘वुड नॉट बी टायपिंग’ आहे. ‘हॅड’ आलं की पुढे ‘वुड हॅव’, असं मी घोकलंय. मग चुकलं कुठे?

उत्तर : घोकलंत ते तिसऱ्या प्रकारचं जर-तर वाक्य. त्यात दोन्ही गोष्टी होऊन गेलेल्या असतात. तुमची फाइल काल गेली, टायपिंग मात्र अजून संपायचंय. म्हणून हे मिश्र, म्हणजे दोन काळांचं, जर-तर वाक्य : ‘इफ’कडे ‘हॅड सेव्ह्ड’, पलीकडे नुसतं ‘वुड’ आणि क्रियापदाचं मूळ रूप.

तुम्हाला फसवलं ते ‘बसले नसते’ने. रूप भूतकाळाचं दिसतं, पण ‘ती बसली आहे’ म्हणजे ती आत्ता बसलेल्या स्थितीत असते ना! तेव्हा रूपाकडे बघू नका. प्रत्येक अर्ध्याला वेगळं विचारा : हे तेव्हाचं की आत्ताचं?

उलटं मिश्रणही होतं. ‘मला उंचीची भीती वाटत नसती, तर काल शिडीवर चढले असते.’ भीती आजही आहे, चढायचं राहिलं ते काल. ‘इफ आय वेअर नॉट अफ्रेड ऑफ हाइट्स, आय वुड हॅव क्लाइम्ड द लॅडर यस्टर्डे.’ इथे ‘हॅड नॉट बीन अफ्रेड’ लिहिलंत तर चूक नाही, पण भीती तेवढ्यापुरतीच होती असं वाटू शकतं.

‘वुड’ तुम्ही ‘इफ’च्या अर्ध्यात घातलं नाहीत, याबद्दल शाबासकी. आपल्याकडे ‘असतं’ दोन्हीकडे येतं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. मी एकदा माफीच्या मेलमध्ये ‘इफ आय वुड हॅव नोन’ लिहिलं होतं. समोरच्यांनी माफ केलं, वर ‘वुड’खाली रेघ मारून मेल परत पाठवला! बोलताना काही इंग्रजीभाषकही असं म्हणतात, पण परीक्षेत गुण जातील. ऐकताना मात्र ‘आय’ला चिकटलेला नुसता ‘ड’ कानावर येतो. तो ‘इफ’नंतर, पुढे ‘सेव्ह्ड’सारखं रूप असेल, तर ‘हॅड’चा समजा.

आणि ‘केली असती’ऐवजी ‘केली असेल’ म्हणालात, तर हा सगळा खटाटोप नको, कारण तिथे शक्यता अजून खुली आहे. ‘इफ यू सेव्ह्ड द फाइल, इट विल बी इन द फोल्डर.’ बघितलंत का फोल्डरमध्ये?