दूध ‘सोसत’ नाही, ‘बाधतं’ की ‘वावडं’ आहे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका आहारतज्ज्ञ ताईंनी विचारलं आहे: “पेशंटसाठी पत्रक करते आहे. ‘फूड इनटॉलरन्स’ला ‘अन्न असहिष्णुता’ लिहिलं, तर एका काकांनी विचारलं, ‘म्हणजे मला अन्नाचा राग येतो का?’ त्याऐवजी ‘वावडं’ चालेल का?”

काकांचं बरोबर आहे. सहिष्णु-असहिष्णु माणसं असतात, फार तर समाज असतो. आतडं नव्हे.

‘वावडं’ मात्र मला पत्रकापुरतं पसरट वाटतं. “तिला वांग्याचं वावडं आहे” यावरून वांगं खाल्लं की खाज सुटते, पोट बिघडतं, की नुसतं आवडत नाही, हे कळत नाही. “साहेबांना वेळेचं वावडं” इथवर तर तो शब्द पोचलाच आहे. पत्रकात हा सैलपणा महागात पडेल, कारण ॲलर्जी आणि इनटॉलरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणाच त्या पदार्थावर तुटून पडते. शेंगदाण्याचा कणही ओठ सुजवू शकतो, श्वास कोंडू शकतो, जिवावर बेतू शकतं. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी घडवला, तो तसाच राहू द्या. त्याला ‘अधिहर्षता’ असा पारिभाषिक शब्द आहे खरा, पण तो वाचून कुणाला तरी अतोनात आनंद झालाय असं वाटतं.

आता इनटॉलरन्स. माझी पंचवटीतली आत्या कोजागरीला गच्चीवर सगळ्यांसाठी मसाला दूध आटवते आणि स्वतः अर्धी वाटी घेते. आग्रह केला तर म्हणते, “एवढंच सोसतं रे मला. पेलाभर घेतलं की पहाटेपर्यंत गुबारा.” तुमच्या पत्रकाचा अर्धा मजकूर या दोन वाक्यांत आहे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्यातलं लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) ती फोडतं. वयाबरोबर बऱ्याच जणांत ते कमी होतं. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो, पोट डब्ब होतं, कधी जुलाब. यात शरीराचं दुधाशी वैर नाही, कुवत तोकडी पडते एवढंच. म्हणून प्रमाणाला महत्त्व. पेलाभर, म्हणजे २५० मिली, दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. (आटवल्याने ते उडून जात नाही, उलट वाटीमागे वाढतं. आत्याची अर्धी वाटी हिशेबाची आहे.) विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, उरलेलं पचवायलाही हातभार लावतात. म्हणून हीच आत्या मिसळीबरोबरची दह्याची वाटी निवांत चाटूनपुसून संपवते.

‘सोसणे’ या क्रियापदात हे माप मुरलेलं आहे. “किती सोसतं?” असं विचारता येतं, “किती वावडं आहे?” असं कुणी विचारत नाही. ‘मानवणे’ जवळचं, पण ते जास्त करून हवापाण्यासाठी. ‘बाधणे’ही चांगलं, “दूध बाधतं” सगळे म्हणतात, फक्त त्याचं नाम करू नका, ‘बाधा’ म्हटलं की विषबाधा नाहीतर भूतबाधा आठवते. आयुर्वेदातला ‘असात्म्य’ (शरीराला न मानवणारं) अर्थाने नेमका, पण काका पुन्हा अडतील. मी मथळा देईन: ‘तुम्हाला काय सोसत नाही?’

एक गोष्ट या मथळ्याखाली घालू नका, ती म्हणजे सीलिॲक हा आजार. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे त्यात शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खराब करतं. तिथे “थोडं सोसतं” हा हिशेब चालत नाही. आणि शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू सोडला, तर रक्ताचा अहवाल फसवा येऊ शकतो, हेही ठळक लिहा.

दूध कमी केलेल्यांना कॅल्शियम कुठून, हा प्रश्न येईलच. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३४० मिलिग्रॅम असतं, आणि ग्लूटेन नसतं. फक्त पत्रकात ‘नाचणी’ नको, ‘नागली’ लिहा. पेठ-सुरगाण्याकडून येणारे तुमचे पेशंट त्याच नावाने भाकरी थापतात.