स्ट्रेप्टोझोटोसिन देताना ग्लोव्हज आणि मास्क घातला की पुरतं का?

तुमचा प्रश्न असा की एम.फार्मच्या प्रकल्पासाठी विस्टार रॅटना (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना) स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह निर्माण करायचाय आणि सीनियर म्हणतात, ग्लोव्हज-मास्क घातला की झालं.

नाही होत. ते इंजेक्शनचा विचार करतायत, पिंजऱ्याचा नाही. माझंही तेच झालं होतं.

डोस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ॲनिमल हाऊसमध्ये गेले, तर तिथे साफसफाई करणारे आमचे मामा तोंडाला रुमाल बांधून, उघड्या हातांनी पिंजरे डब्यात उपडे करत होते. तळाला चिकटलेलं ओलं तूस (पिंजऱ्यात अंथरायचा भुसा) ठोकून ठोकून काढत होते आणि वरचं कोरडं तूस खिडकीतल्या उन्हात उडताना दिसत होतं. आदल्या दिवशी मी डबल ग्लोव्हज घालून, थेंबही न सांडता सगळी इंजेक्शनं दिली होती. पण या जनावरांना काय दिलंय हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच. एथिक्स कमिटीच्या फॉर्म बीमध्ये, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगी अर्जात, घातक रसायनांचा रकाना असतो, त्यातही मी बिनधास्त 'नाही' लिहिलं होतं.

स्ट्रेप्टोझोटोसिन हे मुळात कॅन्सरवरचं औषध आहे. डीएनएवर घाला घालतं, आणि आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या) यादीत २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्यांत बसतं. शरीरात गेलेलं औषध आणि त्याचे तुकडे बरेचसे लघवीवाटे पहिल्या एक-दोन दिवसांत बाहेर पडतात. त्यात साखर वाढली की रॅट कित्येक पट पाणी पितात, मुततात, आणि पिंजरा रोज बदलावा लागतो. म्हणून पहिले ३ दिवस तूस कोरडं झटकायचं नाही. आधी पाण्याचा हलका फवारा, मग अलगद पिशवीत. बदलणाऱ्याने एन९५, चष्मा, गाऊन, दोन जोड नायट्राइल ग्लोव्हज घालायचे. गरोदर असलेल्यांना किंवा तसा विचार असलेल्यांना या कामापासून लांब ठेवा.

आता इंजेक्शन. औषध थंड सायट्रेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), पीएच ४.५ ला विरघळवतात आणि ते काही मिनिटांतच बिघडायला लागतं. त्यामुळे माणूस घाई करतो आणि घाईत सुई स्वतःच्याच बोटात जाते. एकदम सगळं विरघळवू नका. सहा-सहा जनावरांपुरतं करा. एकाने धरायचं, दुसऱ्याने टोचायचं. सिरिंज ल्युअर-लॉकची (सुई फिरवून घट्ट बसते अशी) घ्या, सुईला पुन्हा टोपण लावू नका. शक्यतो पावडर वजन करत बसण्यापेक्षा सीलबंद व्हायलमध्येच बफर सोडा. टोचलंच तर साबण-पाण्याने धुऊन लगेच गाईडना सांगा आणि औषधाची सेफ्टी शीट घेऊन डॉक्टरांकडे जा. लपवणारे मी पाहिलेत.

आणि हो, हे काम लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटात) करू नका. बऱ्याच कॉलेजांत आडव्या झोताचा लॅमिनार असतो, तो औषध स्वच्छ ठेवतो आणि हवा तुमच्या तोंडावर फेकतो. हवा तुमच्यापासून आत ओढून घेणारं फ्यूम हूड किंवा क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेट हवं.

'तूस ऑटोक्लेव्ह करू ना' असंही कुणीतरी म्हणेलच. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात; रसायन नष्ट होईल याची खात्री नाही, उलट वाफेबरोबर खोलीत येऊ शकतं. तूस, ग्लोव्हज, मेलेली जनावरं सगळं सायटोटॉक्सिकचं (पेशींना विषारी) लेबल लावून पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असला कचरा १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळावा लागतो, तेव्हा कॉलेजमागे खड्डा खणून पुरू नका.

पिंजऱ्याच्या कार्डावर नुसतं 'एसटीझेड ५०' (औषधाचं लघुरूप आणि डोस) लिहून मामांना काय कळणार? पुढच्या बॅचला मी जाड मार्करने मराठीत लिहिलं: 'सोमवारी ११ वाजता विषारी औषध दिलंय. गुरुवारपर्यंत हात लावू नका, तूस मी बदलणार.' तीन दिवस मीच बदललं. वास भयंकर येतो, तयारी ठेवा.