टेक्सास ए अँड एममध्ये पोरं मॅचभर उभीच का राहतात?

तुमचा प्रश्न असा की धाकटा भाऊ टेक्सास ए अँड एमला एमएस करायला गेलाय, अमेरिकन फुटबॉलची (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) मॅच असली की मरून रंगाचा टीशर्ट घालून अंगठा दाखवत स्टेडियममधले फोटो पाठवतो आणि वर सांगतो की चार तास उभा होतो, बसायचं नसतं. तर ही रॅगिंग आहे का, आणि शिकायला गेलेली पोरं असलं का करतात.

रॅगिंग नाही, टेन्शन घेऊ नका. मी २०१४ मध्ये तिथे होतो आणि पहिल्याच मॅचला बसलो होतो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला, कारण समोर चांगला बाक होता आणि मैदानावर काय चाललंय त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मागच्या रांगेतल्या पोराने अगदी अदबीने खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "सर, आपण ट्वेल्थ मॅन आहोत." मला वाटलं हा काय बोलतोय, कारण आपल्या डोक्यात क्रिकेटचा बारावा गडी, पाण्याच्या बाटल्या आणि ग्लव्हज घेऊन पळणारा. मी पाणी आणायला जायचंय का असं विचारणार होतो जवळजवळ.

तर ही गोष्ट २ जानेवारी १९२२ ची आहे. डॅलसमध्ये डिक्सी क्लासिक नावाची मॅच होती, समोर केंटकीचं सेंटर कॉलेज, ज्यांनी काही महिने आधी हार्वर्डला ६-० हरवलेलं, म्हणजे ए अँड एमला कोणी खिजगणतीत धरत नव्हतं. आपली टीम (बघा, मी अजूनही आपली म्हणतो) मुळात छोटी, त्यात एकामागून एक पोरं जखमी व्हायला लागली. कोच डॅना बायबल यांना भीती वाटली की अकरा माणसं उभी करता येणार नाहीत. वर प्रेस बॉक्समध्ये किंग गिल नावाचा एक स्टुडंट बसला होता, तो फुटबॉलच्या टीममध्ये होता पण सीझन संपल्यावर बास्केटबॉल खेळायला सोडून गेलेला आणि त्या दिवशी फक्त पत्रकारांना कोणता खेळाडू कोणता ते सांगायला आलेला. कोचने त्याला खाली बोलावलं, स्टँडच्या खाली एका जखमी खेळाडूचे कपडे काढून त्याला घातले, आणि तो मॅच संपेपर्यंत बाजूला उभा राहिला. ए अँड एम २२-१४ जिंकली. गंमत अशी की गिल एक मिनिटही खेळला नाही. त्याने काहीच केलं नाही, अकरा जणांमागे बारावा म्हणून नुसता तयार उभा होता, आणि शंभर वर्षं झाली तरी अख्खी युनिव्हर्सिटी त्याच्यासाठी उभी राहते. गरज पडली तर आम्ही पण उतरू, असा त्या उभं राहण्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल कोण उतरवणार या पोरांना, तर १९८३ मध्ये जॅकी शेरिल या कोचने खरंच उतरवलं. घरच्या मॅचला किकऑफ करायला, म्हणजे बॉल लाथाडून खेळ सुरू करायला, स्कॉलरशिपवाले खेळाडू नाहीत, तर ट्रायल देऊन आलेले साधे स्टुडंट, पूर्ण टीमच तशी. नंतर ते कमी होत होत एकावर आलं, बारा नंबरची जर्सी अशा एका पोराला मिळते. आणि हे लोक या शब्दाबाबत भयंकर हळवे आहेत बरं का, १९९० मध्ये त्याचा ट्रेडमार्क घेतला आणि सिअ‍ॅटलची सीहॉक्स टीम तो वापरत होती म्हणून २००६ मध्ये सरळ कोर्टात गेले, मग तडजोड झाली. शब्द तसा बाकीच्या कॉलेजांत आधीपासून फिरत होता, पण हे तिथे बोलू नका.

हे सगळं एवढं घट्ट का, तर माझ्या मते जागेमुळे. हे कॉलेज १८७६ साली सुरू झालं, शेती आणि मेकॅनिकल शिकवायला, आणि आजूबाजूला काही म्हणजे काही नव्हतं, रेल्वे कॉलेजसाठी थांबायची म्हणून गावाचं नावच कॉलेज स्टेशन पडलं. फक्त मुलगे, त्यात १९६५ पर्यंत सगळ्यांना मिलिटरी ट्रेनिंग सक्तीचं. मुलींना १९६३ मध्ये घेतलं. म्हणजे कित्येक दशकं काही हजार पोरं एका माळावर युनिफॉर्ममध्ये राहतायत, दुसऱ्या महायुद्धात तर इथली २० हजारांहून जास्त माणसं सैन्यात गेली, तर अशा ठिकाणी खेळाची टीम ही पलटणीसारखी होणारच. आज सत्तर हजारांच्या वर स्टुडंट आहेत, त्यातले कॅडेट अगदी थोडे, पण सवयी सगळ्या त्यांच्याच. मॅचआधी कॅडेट मार्च करत स्टेडियममध्ये येतात, बँड पण मिलिटरी पद्धतीचा.

चिअरलीडर्स नाहीत हेही त्यातलंच. त्यांच्याऐवजी पाच येल लीडर असतात, तीन सीनियर दोन ज्युनियर, स्टुडंट इलेक्शन घेऊन निवडतात आणि प्रचार असा चालतो की आमदारकी बरी. पांढरे कपडे घालून ते हाताने खुणा करतात, ती खूण रांगेरांगेने मागे पोचते, मग सगळे पुढे वाकून गुडघ्यावर हात ठेवून एकदम ओरडतात. याची प्रॅक्टिस मॅचच्या आदल्या रात्री बारा वाजता, स्टेडियममध्ये, मिडनाइट येल म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रूममेटने झोपेतून उठवून नेलं, काकड आरतीला उठवावं तसं, आणि तिथे बघतो तर हजारो माणसं, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेली जोडपी, आणि मैदानावर एक माणूस समोरच्या टीमवर अत्यंत पाणचट जोक मारतोय. शेवटी लाईट बंद करतात आणि जोड्या एकमेकांचं चुंबन घेतात. ज्यांना जोडीदार नाही त्यांनी लायटर पेटवायचा म्हणजे दुसऱ्या एकट्याला सापडायला बरं. मॅचमध्ये आपल्या टीमने टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकापर्यंत नेऊन गुण घेतले, की पुन्हा तेच. तुमचा भाऊ हा भाग फोटोत पाठवणार नाही.

बरं, एवढं सगळं करून टीम फार जिंकते का? तर तेही नाही! फुटबॉलची शेवटची नॅशनल चॅम्पियनशिप १९३९ ची. हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची, आत्तापर्यंत दोघांना, १९५७ मध्ये जॉन डेव्हिड क्रो आणि २०१२ मध्ये जॉनी मॅन्झिएल, तोही पहिल्या वर्षी खेळणारा, तसा तो पहिलाच. मी होतो तेव्हा ११ ऑक्टोबर २०१४ ला ओल मिसविरुद्ध (म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटी) मॅच होती, १,१०,६३३ लोक, स्टेडियमचा तेव्हाचाही आणि फुटबॉलचा आजचाही रेकॉर्ड, आणि आपण ३५-२० हरलो. मी निघायला लागलो तर कोणी हलेना. हरल्यावर स्टुडंट तिथेच थांबून पुढच्या मॅचच्या घोषणांची प्रॅक्टिस करतात. कारण तिथे टीम हरते असं म्हणतच नाहीत, वेळ संपला म्हणतात. पुढच्याच आठवड्यात अलाबामाने ५९-० केलं. मी ऑफिसमधल्या एका सीनियरला विचारलं, आता पण वेळच संपला का? तो शांतपणे हो म्हणाला. मला तिथल्या सगळ्या परंपरांत हीच जास्त आवडते, टीम चांगली असताना टीशर्ट कोणीही घालतं.

कुत्रीचं सांगायचं राहिलं. १९३१ मध्ये काही कॅडेट रात्री गाडीने परत येत होते, रस्त्यात एक भटकी काळी-पांढरी कुत्री गाडीला धडकली, तिला उचलून होस्टेलवर लपवून आणलं. सकाळी बिगुल वाजला आणि ती भुंकायला लागली. सकाळच्या त्या बिगुलाला रेव्हली म्हणतात, तेच तिचं नाव झालं. आता दहावी रेव्हली आहे, कोली जातीची, आणि कॅडेटमध्ये सगळ्यात वरची रँक तिची, तिला मॅडम म्हणतात. ती वर्गात भुंकली तर प्रोफेसरने लेक्चर सोडायचं असा रिवाज आहे (माझ्या कुठल्याही वर्गात ती कधी आली नाही, माझं नशीब). पहिली १९४४ मध्ये गेली तेव्हा मिलिटरी इतमामात स्टेडियमच्या उत्तर टोकाला पुरली, अशी की तिला स्कोअरबोर्ड दिसावा. पुढे स्टेडियम वाढलं आणि कबरींसमोरून स्कोअर दिसेनासा झाला, तर या लोकांनी फक्त मेलेल्या कुत्र्यांसाठी बाहेर वेगळा छोटा स्कोअरबोर्ड लावला. मी आधी हसलो होतो. मग एकदा रात्री लॅबमधून येताना तिथे उभा राहिलो आणि हसू आलं नाही.

दुश्मन कोण, तर ऑस्टिनची युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास. १८९४ मध्ये ए अँड एम त्यांच्याशी पहिल्यांदा खेळली आणि ३८-० हरली, तेव्हापासून. हे लोक त्यांचं नाव मुद्दाम उलटं करून टीयू आणि तेही छोट्या अक्षरांत लिहितात, देवनागरीत छोटी अक्षरं नसल्यामुळे ती गंमत इथे लिहून दाखवता येत नाही. त्यांचा मॅस्कॉट लांब शिंगांचा बैल, बेवो. १९१५ मध्ये ए अँड एमने त्यांना १३-० हरवलं होतं, तर १९१७ मध्ये इथल्या काही पोरांनी जाऊन बैलावर १३-० असा डाग दिला. त्या डागाची अक्षरं बदलून बेवो हे नाव केलं असं तिथे प्रत्येकजण सांगतो, पण नाव आधीच होतं. पुढचं मात्र खरं, १९२० मध्ये खर्च परवडेना म्हणून त्यांनी बैल कापून जेवणावळ घातली, ए अँड एमवाल्यांनाही बोलावलं आणि डागाचं कातडं त्यांना भेट दिलं. २०१२ मध्ये ए अँड एम दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या दुसऱ्या लीगमध्ये, गेली आणि ही मॅच बंदच पडली, म्हणजे मी होतो त्या काळात ती एकदाही झाली नाही, तरी सगळ्या घोषणा त्यांच्याविरुद्धच. तेरा वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा झाली, टेक्सास १७-७ जिंकलं. म्हणजे, वेळ संपला.

आणि बॉनफायर. हे जरा सावकाश लिहितो. टेक्सासच्या मॅचआधी मोठी शेकोटी पेटवायची ही प्रथा १९०९ च्या सुमाराची, आधी कचरा आणि खोकी, मग स्टुडंटच जंगलात जाऊन झाडं तोडून आणायला लागले आणि ओंडक्यांचे थरांवर थर रचायला लागले. १९६९ मध्ये १०९ फूट झाली होती. फक्त १९६३ मध्ये पेटवली नाही, केनेडींची हत्या झाली म्हणून रचलेली उतरवली. १८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे २:४२ ला, पोरं वर चढून काम करत असताना, जवळजवळ पाच हजार ओंडक्यांचा तो ढीग कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी. नंतर चौकशीत निघालं की बांधणीतच दोष होता आणि वर्षानुवर्षं पोरंच एकमेकांना शिकवत करत आली, इंजिनीअरने आराखडा तपासणं वगैरे काही नाही. जगातल्या चांगल्या इंजिनीअरिंग कॉलेजांपैकी एक, आणि त्याच्याच अंगणात हे. मी स्वतः इंजिनीअर असल्यामुळे मला हे फार लागतं. परंपरा आहे म्हणून कोणी विचारलं नाही, बास. आठ दिवसांनी २६ नोव्हेंबरला ऑस्टिनवाले तिथे खेळायला आले, त्यांच्या बँडने टोप्या काढून मान खाली घातली, स्टेडियममध्ये चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती म्हणतात. ए अँड एम २०-१६ जिंकली. युनिव्हर्सिटीने ती शेकोटी पुन्हा कधी लावली नाही, काही स्टुडंट कॅम्पसबाहेर स्वतःची लावतात, ते मला पटत नाही. त्या जागी आता स्मारक आहे, बारा दारं गोल उभी केलेली, प्रत्येक दार त्या त्या मुलाच्या गावाच्या दिशेला. दर वर्षी १८ नोव्हेंबरला पहाटे त्या वेळेला लोक जमतात, मी एकदा गेलो होतो, थंडी होती आणि कोणीच काही बोलत नव्हतं.

बाकी खेळ पण आहेत. मुलींच्या बास्केटबॉल टीमने २०११ मध्ये नोटर डेमला हरवून नॅशनल टायटल घेतलं, ज्याचं कौतुक फुटबॉलवाल्यांच्या तुलनेत फारच कमी झालं असं माझं मत. बेसबॉलला जायला सांगा भावाला, तिथे फुटबॉलएवढा ताण नसतो. समोरच्या पिचरने चार बॉल बाहेर टाकून बॅटर फुकटात पहिल्या बेसवर चालत गेला की पब्लिक थांबतच नाही, पुढचा बाहेर गेला की "बॉल फाइव्ह", मग "बॉल सिक्स", त्याने एक सरळ टाकेपर्यंत मोजत राहतात, मी बाराच्या आसपास मोजलेलं आहे आणि तो पिचर रडायच्या बेतात होता.

तो अंगठा म्हणजे "गिग देम". १९३० मध्ये टीसीयूविरुद्धच्या (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) मॅचआधी सुरू झालं, त्यांचा मॅस्कॉट शिंगवाला बेडूक आणि गिग म्हणजे बेडूक मारायचा भाला. तो बेडूक खरं तर सरडा आहे, पण जाऊ दे.

तुम्ही भेटायला जाणार असाल तर नोव्हेंबरात जा, सप्टेंबरच्या उन्हात उभं राहणं तुम्हाला जमणार नाही. शूज आरामाचे घाला. आई-बाबांना नेणार असाल तर तिकीट स्टुडंटच्या बाजूचं काढू नका, पलीकडे बसतात लोक, तिथे कोणी काही म्हणत नाही.